नोंद नाही

कोक-जाल. आमच्या बोलीत, निळी आयाळ.
पडद्यावर ती फिकट आकाशी दिसते
आणि कुरणं लालभडक,
कारण हे रंग माणसाच्या डोळ्यांसाठी नाहीत.

वर्षाकाठी मला एकच चित्र लागतं,
ऑगस्ट संपता संपता, नवा बर्फ पडायच्या आधीचं,
अंगावर काही न पांघरता ती पडलेली असते तेव्हाचं.
ढग नको. कड्याची सावली नको.
बिश्केकमध्ये तिसऱ्या मजल्यावर
मी तिच्या कडेकडेने रेघ ओढत जाते,
आई नमदा कातरण्याआधी खडूने ओढायची तशी,
जीभ दातांत धरून.

एक चौकोन म्हणजे तीस मीटर.
त्यात आमचं घर, अंगण, घोडी,
वडील आणि वडिलांचा खोकला
सगळं मावतं, आणि रंग एकच येतो.

इशेनाली, ठाण्याचे निरीक्षक,
अठ्ठावीस उन्हाळे चढले, असं ते म्हणतात.
खांद्यावर बर्फात भोक पाडायचं गिरमिट,
खिशात पेन्सिल, कारण शाई गोठते.
मुखापाशी जो दगड नव्याने उघडा पडेल
त्यावर तांबड्या रंगाने साल.
१९७१. १९७२. पुढे चालायचं ते वरच्या दिशेने.
लहानपणी मला वाटे, तिथे वर्षं पेरतात.

त्र्याहत्तरचं चित्र अमेरिकेच्या हेराचं.
ते क्षेपणास्त्रं शोधत होते.
फिल्मची पेटी आकाशातून सोडली,
पॅराशूटला लोंबकळत आली, विमानाने हवेतच झेलली,
मग तीस वर्षं कुलपात.
त्यात मुखाजवळ एक पांढरा कण आहे.
ठाण्याची झोपडी.
वडिलांना फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प.
"मी आत होतो की बाहेर?"
माणसं दिसत नाहीत हो त्यात.
"बाहेरच असेन. चहाची पानं फेकत.
सांगून काढला असता तर टोपी नीट केली असती."

चौऱ्याण्णवचा ऑगस्ट मी तीनदा मोजला.
वडिलांची वही म्हणते, मागे सरकली अकरा मीटर.
आकाश म्हणतं, साठ,
एखादा चौकोन इकडे किंवा तिकडे.
त्र्याण्णवलाही वहीत अकराच.
त्याआधी नऊ, तेरा, सात,
पेन्सिल दाबून लिहिलेले.
हा दुसरा अकरा मात्र हलका,
पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा.

देश त्याआधीच विरघळला होता.
पगार थांबला. ठाण्याचं दार कुणीतरी जळणाला नेलं.
मला आठवतं, त्या उन्हाळ्यात घरात पीठ आलं,
दोन पोती,
आणि कोपऱ्यातला थिओडोलाइट दिसेनासा झाला.
आईने त्या जागी हंडा ठेवला.
मी आठ वर्षांची. मला पोळीशी मतलब.

उपग्रहही चुकतात.
एकाचा आरसा अडकला तेव्हापासून
त्याच्या प्रत्येक चित्रावर काळे पट्टे आहेत.
आम्ही पट्टे तसेच ठेवतो, ओलांडून पुढे जातो.
तिथे अकरा लिहीत नाही.

यंदा मी वर गेले.
मोरेनच्या चिखलातून, घोडी सोडून, पायी.
रंग उडालाय, पण बोट फिरवलं की साल लागतं.
शहाण्णव. पंच्याण्णव.
मग खाली पाहत, दगडामागून दगड उलटत,
दुपारभर.
थेट त्र्याण्णव.

सत्तावीस दगड.
वहीत त्यांनी लिहिलं, पण जो दगड पाहिला नाही
त्यावर हात चालला नाही.

त्र्याण्णव ते पंच्याण्णव मी पावलांनी मोजलं,
एकशे चार, एक मध्येच ओढ्यात पडलं.
ओला बूट काढून तिथेच बसले.
ज्या जागी मी बसले होते
तिथे माझ्या जन्माच्या वेळी
चार मजले बर्फ होता.

खाली आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं,
"रंग टिकलाय?"
टिकलाय म्हटलं.
बशीत जर्दाळू होते. त्यांनी बिया वेगळ्या केल्या,
मोजल्या, उगाच.

रात्री तक्ता उघडला.
चौऱ्याण्णव, जमिनीवरून: नोंद नाही.
शेजारच्या रकान्यात साठ, अधिक-उणे तीस,
आणि निरीक्षकाच्या नावापुढे
त्यांचं नाव होतं तसंच राहू दिलं.